यहेज्केलची भाकर: भविष्यवाण्यांमधलं खाणं आधी खाणं म्हणून वाचायला नको का?

केडगावकरीण
नमस्कार मंडळी. आमच्या स्त्रियांच्या सभेत पुढच्या महिन्यात मला बोलायचंय आणि विषय मी स्वतः मागून घेतलाय, बायबलातल्या संदेष्ट्यांच्या भविष्यवाण्यांमध्ये येणारं खाणं. निमित्त झालं भाचीने पाठवलेल्या एका फॉरवर्डचं. "देवाने स्वतः सांगितलेली हेल्दी रेसिपी" म्हणून यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ४:९ दिलंय, गहू, जव, शेंगांचे दाणे, मसूर, बाजरी आणि खपली एकत्र दळून भाकर करा, प्रोटीन भरपूर. वचन बरोबर आहे, पण पुढची सात-आठ वचनं कोणी वाचलेलीच दिसत नाहीत. ती भाकर वेढ्यातली आहे हो! यरुशलेमला वेढा पडणार, धान्य संपणार, आणि ते लोकांना दिसावं म्हणून संदेष्ट्याने ३९० दिवस डाव्या कुशीवर पडून तोलून-मापून खायचीय. रोजची वीस शेकेल, म्हणजे साधारण सव्वादोनशे ग्रॅम. पाणी हिनचा सहावा हिस्सा, म्हणजे सहाशे मिली धरा.
दुसऱ्या बाजूला अभ्यासाच्या पुस्तकांत तक्ते असतात, भाकर म्हणजे वचन, द्राक्षारस म्हणजे क्रोध, अंजीर म्हणजे इस्राएल, तेल म्हणजे आत्मा. ते पाठ करून सभेत म्हणून दाखवायचं मला जिवावर येतं. मला असं वाटतं की आधी ती भाकर भाकर म्हणून कळली पाहिजे, किती वजनाची, कशावर भाजली, कोणी खाल्ली, तरच तिच्यातून संदेष्टा काय सांगतोय ते पोटात उतरेल. तुम्हाला काय वाटतं? तुमच्या वाचनातली, घरातली उदाहरणं द्या.

प्राजक्ता_डी
मी ख्रिस्ती नाही पण धागा वाचून राहवेना. सहा धान्यं-कडधान्यं एकत्र? ही तर आपली थालीपिठाची भाजणी झाली की! मग ती शिक्षा कशी?

केडगावकरीण
प्राजक्ता, अगदी हाच प्रश्न मलाही पडला होता. फरक असा की भाजणीत आपण हौसेने मिसळतो, प्रत्येक धान्य वेगळं भाजून, धणे-जिरे घालून. इथे मिसळायचंय कारण एकाही डब्यात पुरेसं उरलेलं नाही. कणगीच्या तळाला मूठभर गहू, मडक्यात चिमूटभर मसूर, ते सगळं खरडून एका भांड्यात. वचनातही "एका भांड्यात घाल" असं आहे. माझ्या आजीच्या भाषेत, डबे झाडून केलेली भाकर.

शालोम_पनवेल
ताई, यात एक गंमत घालतो. तल्मूदमध्ये, म्हणजे आम्हा ज्यूंच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, एरुविन नावाच्या भागात चर्चा चाललीय की मसुराची भाकर खाण्याजोगी आहे का. तिथे कोणीतरी सांगतो की मार शमुएल या रब्बींच्या काळात अशी एक भाकर कुत्र्यापुढे टाकली होती आणि कुत्र्याने तोंड लावलं नाही. त्यावर उत्तर असं की ती नुसत्या मसुराची नव्हती, यहेज्केलसारखी मिसळीची होती! म्हणजे या "हेल्दी ब्रेड"बद्दल आमच्या रब्बींचं मत दीड हजार वर्षांपूर्वीच देऊन झालंय :)

आल्हाद_लातूर
मला तो गोवऱ्यांचा भाग कळत नाही. देव आधी म्हणतो माणसाच्या विष्ठेवर भाज. यहेज्केल गयावया करतो तेव्हा म्हणतो बरं, गाईच्या शेणावर भाज. आता आमच्याकडे गावी अजून रोडगे गोवऱ्यांच्या आरावर होतात, त्यात विटाळ कसला? उलट चव येते. मी लहानपणी हे वाचलं तेव्हा वाटलं होतं की गोवरीवर आलं म्हणजे सुटला बिचारा.

पाळकपुत्र
आल्हाद, सुटलाच तो. पण यहेज्केल याजकाच्या, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्याच्या, घरातला होता हे विसरू नकोस. "लहानपणापासून आजवर मी मेलेल्या किंवा फाडून टाकलेल्या जनावराचं मांस खाल्लं नाही" असं तो म्हणतो. मंदिर यरुशलेममध्ये आणि हा इ.स.पू. ५९७ मध्ये बंदिवान होऊन बाबेलच्या (बॅबिलोनच्या) मुलखात खबार नदीकाठी तेल-अबीबला येऊन पडलेला. त्याच्यासाठी सोवळं म्हणजे सवय नव्हे, तो कोण आहे हीच गोष्ट होती. भविष्यवाणी त्यावरच आहे, परक्या देशात तुम्हाला अशुद्ध अन्न खावं लागेल. गोवरी आपल्याला पवित्र म्हणून आपण तिथून भरकन पुढे जातो.
पण केडगावकरीण ताई, एक मतभेद नोंदवतो. चिन्हांना इतकं दूर सारू नका. खुद्द संदेष्टेच अर्थ सांगतात. अंजिरांच्या दोन टोपल्यांचा अर्थ यिर्मयाने २४व्या अध्यायात स्पष्ट दिलाय. मग तक्ता केला तर बिघडलं कुठे?

केडगावकरीण
पाळकपुत्र दादा, बिघडत नाही, पण तक्ता सगळीकडे लागू पडत नाही. त्याच अंजिरांचं बघा. तक्ता म्हणतो अंजीर म्हणजे इस्राएल. पण यिर्मया म्हणतो एक टोपली हंगामाच्या पहिल्या अंजिरांसारखी उत्तम आणि दुसरी इतकी नासकी की तोंडात घालवत नाहीत. आणि उत्तम कोण? बाबेलला धरून नेलेले! नासके कोण? सिद्कीया राजा आणि मागे आपल्या घरात राहिलेले. त्या काळचा कुठलाही माणूस उलट समजला असता, जे गेले त्यांच्यावर देवाचा कोप, जे राहिले ते वाचले. तक्त्यात ही उलटापालट बसतच नाही.

उंबराचंझाड
केडगावकरीण यांच्या शेवटच्या मुद्द्याला एक पुरावा जोडतो. बाबेलच्या राजवाड्याच्या उत्खननात मातीच्या शिधापाट्या सापडल्या. त्यांत धरून नेलेला यहूदाचा राजा यकन्या आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे, इ.स.पू. ५९२च्या सुमाराची. १९३९ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. म्हणजे "चांगली अंजिरं" तिकडे राजाच्या कोठारातून तेल घेत होती, आणि मागे राहिलेल्यांना पुढे वेढ्यात भाकर मोजून मिळाली. यिर्मया ३७ बघा. तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे आणि त्याला भटाऱ्यांच्या आळीतून रोज एक भाकर मिळते, "नगरातली सर्व भाकर संपेपर्यंत". यहेज्केल शेकडो मैलांवर कुशीवर पडून जे करून दाखवत होता ते यिर्मया इकडे प्रत्यक्ष जेवत होता. मला ही जोडी वाचताना दरवेळी काटा येतो.

आल्हाद_लातूर
भटाऱ्यांची आळी! हे कधी लक्षातच आलं नव्हतं. एवढं मोठं शहर पडतंय आणि लिहिणाऱ्याला भाकरी कुठल्या गल्लीतून यायची ते आठवतंय.

येतोआहे_लवकर
सगळे इतिहासात रमलेत. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकातलं प्रकटीकरण ६ वाचा. काळा घोडा, स्वाराच्या हातात तराजू, एका दिवसाच्या मजुरीला एक शेर गहू. बाजारात जाऊन भाव बघा. घोडा निघालाय, एवढंच सांगतो.

निरंजन७२
@येतोआहे_लवकर, तुमच्या विश्वासाचा मान राखून बोलतो. माझा जन्म ७२च्या दुष्काळातला, बीडकडच्या गावातला. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे, आई तिथली सुकडी पदरात बांधून आणायची, घरी लाल मिलोची भाकरी, जी तव्यावर उलटताना तुटायची आणि घशाला टोचायची. आमच्या मंडळीत तेव्हा काहींना अगदी असंच वाटलं होतं की काळा घोडा हाच. वडील म्हणायचे, घोडा प्रत्येक दुष्काळात येतो, आपण त्याच्या तराजूत काय आहे ते बघावं.
म्हणून मी ते वचन मजुराच्या नजरेने वाचतो. एक देनार म्हणजे दिवसाची मजुरी, मत्तयाच्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत तीच मिळते. आणि एक खोयनिक्स गहू, म्हणजे लिटरभर माप, हा एका माणसाचा दिवसाचा शिधा. म्हणजे गहू घेतला तर कमावणारा एकटाच जेवला, बायको-पोरं उपाशी. म्हणून पुढे जवाचा भाव दिलाय, त्याच पैशात तीन मापं. घरात चार तोंडं असलेला बाप जव घेणार, हे त्या आवाजाला माहीत आहे. आणि शेवटी "तेल व द्राक्षारस यांची हानी करू नको". गरिबाची भाकर महागली, पण ऑलिव्ह आणि द्राक्षांचे मळे सुखरूप. हे मला कुठल्याही चिन्हाच्या तक्त्यापेक्षा जास्त कळतं.

पाळकपुत्र
निरंजनदादा, मी बराच वेळ हे वाचून बसलो. तेल-द्राक्षारसाबद्दल काही अभ्यासक दोमितियान सम्राटाच्या हुकुमाकडे बोट दाखवतात. इ.स. ९२च्या सुमाराला त्याने प्रांतांमधले निम्मे द्राक्षमळे तोडायला सांगितलं, कारण धान्याची टंचाई आणि दारूचा सुकाळ. पण हुकूम पुरता अमलात आला नाही. प्रकटीकरण त्याच काळातलं धरलं तर रोमी आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळ्यांना ते वचन ऐकताना आपल्या शेजारचे मळेच डोळ्यासमोर आले असतील. संबंध नक्की आहे असं म्हणत नाही, पण चिन्ह हवेतून आलेलं नव्हतं एवढं खरं. तक्त्याबद्दलचा माझा आग्रह जरा सैल करतो.

सुनंदा_मावशी
माझं शिक्षण सातवी, पण भाकरी चाळीस वर्षं थापतेय म्हणून होशेयबद्दल बोलते. "एफ्राईम न उलटलेली भाकर आहे". एफ्राईम म्हणजे उत्तरेचं इस्राएल राज्य. आमच्या पाळकांनी यावर अर्धा तास सांगितलं पण मला वाटतं ज्यांनी भाकरी केली त्यांना एका वाक्यात कळतं. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची. फोन आला, लेकरू रडलं, गेली वेळ, की वरून तडे जातात आणि खालून करपते, मग किती फुंका तरी फुगत नाही. एक बाजू काळी, दुसरी कच्ची, कोणाच्याच ताटात वाढता येत नाही. होशेयच्या काळी तापलेल्या दगडावर नाहीतर राखेत भाजायचे म्हणतात, म्हणजे आल्हादच्या रोडग्यासारखंच, तो तर क्षणभर विसरलं की गेला. एफ्राईम इतर राष्ट्रांत मिसळला असं त्याच वचनात आहे, म्हणजे बाहेरून भाजून निघाला आणि देवाकडची बाजू कच्चीच. आणि पुढच्याच वचनात म्हटलंय त्याचे केस पिकले तरी त्याला पत्ता नाही. करपल्याचा वासही येईना असा झालेला माणूस.

केडगावकरीण
मावशी!! "देवाकडची बाजू कच्ची". हे तुमच्या नावानिशी सभेत सांगू का?

सुनंदा_मावशी
सांग बाई. पण पाण्याचा हात पण सांग, नुसता उपदेश नको.

उंबराचंझाड
आता माझ्या आयडीचं कारण सांगायची वेळ आली. आमोस. तकोवाचा गुराखी, स्वतःच म्हणतो मी संदेष्टा नव्हतो की संदेष्ट्याचा मुलगा नव्हतो, उंबराची फळं बघणारा माणूस होतो. मराठी शास्त्रात उंबर म्हटलंय, झाड आपल्या उंबराचं चुलतभावंड आहे, अगदी तेच नव्हे. त्याच्या फळाला पिकायच्या काही दिवस आधी सुरीने चीर द्यावी लागते, नाहीतर ते टणक आणि बेचव राहतं. चीर दिली की इथिलीन वायू सुटतो आणि फळ तीन-चार दिवसांत फुगून गोड होतं. म्हणजे आमोसचं पोट "कधी पिकलं" हे ओळखण्यावर चालत होतं. अशा माणसाला देव काय दाखवतो? उन्हाळी फळांची टोपली. आणि विचारतो, आमोस, तुला काय दिसतं?
इब्रीत उन्हाळी फळ म्हणजे "कायित्स", आणि शेवट म्हणजे "केत्स". आमोस म्हणतो कायित्स, देव म्हणतो, माझ्या लोकांचा केत्स आलाय. अनुवादात हा खेळ मरतो, कारण मराठीत फळ आणि शेवट यांचा काही संबंध राहत नाही. पण गंमत पुढे आहे. गेझर इथे १९०८ साली चुनखडीची एक लहानशी पाटी सापडली, इ.स.पू. दहाव्या शतकातली, तिच्यावर वर्षभराची शेतीची कामं महिन्यांप्रमाणे कोरलीत. शेवटची नोंद, उन्हाळी फळांचा महिना. तिथे तो शब्द "केत्स"च्याच अक्षरांत लिहिलाय. म्हणजे काही बोलींमध्ये दोन्ही शब्द कानाला जवळपास एकच लागत असावेत. आमोस दक्षिणेचा, बोलत होता उत्तरेत बेथेलला. उत्तरेची बोली तशी असेल तर ऐकणाऱ्यांना टोपली आणि शेवट यांत फरकच ऐकू आला नसेल. शिवाय हे फळ वर्षाच्या शेवटच्या महिन्याचं, त्यानंतर कॅलेंडरच संपतं.

सुनंदा_मावशी
मराठीत मरतो कशाला? आपण "दिवस भरले" म्हणतो ना. बाईचेही भरतात आणि पाप्याचेही.

उंबराचंझाड
मावशी, अनुवादसमितीत तुम्ही हव्या होतात.

मॅथ्यू_वसई
मला यशयाच्या ७व्या अध्यायातल्या दही-मधाबद्दल विचारायचंय. इम्मानुएल दही व मध खाईल. आमच्याकडे नाताळच्या प्रवचनात हे नेहमी समृद्धी म्हणून ऐकलंय, दुधामधाचा देश वगैरे. पण अध्याय पुढे वाचला की गोंधळ उडतो. लिहिलंय, माणूस एक कालवड आणि दोन मेंढ्या पाळेल आणि देशात जे उरतील ते सगळे दही-मध खातील, कारण जिथे हजार द्राक्षवेली होत्या तिथे काटेकुटे माजतील. मग हे सुख की दुःख?

केडगावकरीण
मॅथ्यू दादा, मला वाटतं दोन्ही. नांगर चालत नाही, गहू नाही, द्राक्ष नाही, रान माजलंय. त्या रानात चरून जनावर दूध देतं, रानफुलांवर मधमाशा. म्हणजे शेत बुडालेल्या देशाचं जेवण आहे ते, पण उपाशी मरू देत नाही. थोडेच उरलेत म्हणून दूध भरपूर, असा तो भयंकर हिशोब आहे. नाताळला हे सांगायला जड जातं खरं.

उंबराचंझाड
मधाबद्दल छोटी भर. बायबलातला मध म्हणजे खजुराचा पाक असं बरेच जण मानायचे. पण तेल रेहोव इथे २००७ मध्ये मधमाशांसाठी केलेल्या माती आणि पेंढ्याच्या नळकांड्यांची अख्खी रांग सापडली, जवळपास तीन हजार वर्षं जुनी. म्हणजे मधमाशा पाळत होते हे नक्की. यशयाच्या त्या वचनातला मध पाळलेला की रानातला हे मात्र वाचणाऱ्याने ठरवावं, मला रानातला वाटतो.

द्राक्षबाग_तासगाव
"बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले" हे कोणीच काढलं नाही? आमच्या बागेत पोरं कच्ची द्राक्षं खातात आणि रात्री वरणभात चावता येत नाही म्हणून रडतात, त्यांचेच दात आंबतात, माझे नाहीत :) यिर्मया आणि यहेज्केल दोघंही म्हणतात ही म्हण आता बंद. जो खाईल त्याचेच दात आंबतील. मला ही सगळ्यात दिलासा देणारी भविष्यवाणी वाटते, बागेवरचं कर्ज वडिलांचं असलं तरी.

शालोम_पनवेल
सगळं दुष्काळ आणि वेढाच चाललंय, मी जरा गोड आणतो. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, पूर्वी लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण घाणा शनिवारी बंद. आमच्यात नवस फेडताना, लग्न ठरल्यावर, नवीन घरात, मलिदा करतात. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, सुका मेवा, बाजूने फळं. ताट मध्ये ठेवून एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, गाणं म्हणायचं आणि मग सगळ्यांना हातावर. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू रथातून प्रकट झाला अशी आमच्या लोकांची श्रद्धा आहे, तिथेही मलिदा होतो.
आता तुमच्या विषयाशी संबंध. मलाखीच्या शेवटी आहे की परमेश्वराचा तो मोठा दिवस येण्याआधी मी एलीयाला पाठवीन, तो बापांची मनं मुलांकडे आणि मुलांची बापांकडे वळवील. म्हणजे पोह्यांचं ते ताट ज्याच्या नावाने ठेवतो तो अजून यायचाय. वल्हांडणाच्या रात्रीही त्याचा पेला भरून ठेवतो. माझी आजी पोहे भिजवायची नाही, नुसते ओल्या खोबऱ्यात हाताने चोळायची आणि म्हणायची घाई करू नका, येणाऱ्याला कोरडे लागायला नकोत. यहेज्केलच्या भाकरीत धाक आहे, मलिद्यात वाट बघणं आहे. दोन्ही भविष्यवाण्याच.

प्राजक्ता_डी
काय सुंदर धागा झालाय. केडगावकरीण ताई, शेवटी सभेत काय केलंत ते सांगाल ना? आणि ती भाकर कोणी करून बघितली का?

येतोआहे_लवकर
निरंजनदादांचं परत वाचलं. तीन मापं जवाचं गणित मी कधी केलं नव्हतं. धन्यवाद.

केडगावकरीण
उशिरा लिहितेय, सभा गेल्या शनिवारी झाली. आणि हो प्राजक्ता, भाकर केली. गहू, जव, मसूर, खपली मिळालं. शेंगांचे दाणे म्हणजे बाकळा, तो कुठेच मिळाला नाही म्हणून घेवड्याचे दाणे घेतले. बाजरी की वरी यावर घरात वाद झाला, शेवटी वरी घातली. दळण बारीक केलं तरी पीठ एकमेकाला धरेना, थापताना कडा फाटत होत्या. आल्हाद दादा, परसात चार गोवऱ्या पेटवून त्याच्या आरावर भाजली. भाजून झाल्यावर वजनकाट्यावर ठेवली आणि २३० ग्रॅमला कापली.
आदल्या दिवशी मी तेवढ्यावरच राहिले, भाकर आणि सहाशे मिली पाणी. कुत्र्याने खाल्ली नाही म्हणतात, पण चव वाईट नाही, जरा कडवट आणि जड. भुकेचं म्हणाल तर उपासाची सवय आहे. त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. दर वेळी तुकडा तोडताना आधी बाकीच्याकडे बघत होते. दुपारी चारला काट्यावर परत ठेवून किती उरलंय ते बघितलं, गरज नसताना. मग चौथ्या अध्यायाचं १६वं वचन उघडलं, ते भाकर तोलून आणि काळजीने खातील, पाणी मापून आणि भयचकित होऊन पितील. "काळजीने" हा शब्द मी आजवर शोभेचा समजत होते.
सभेत काटा आणि भाकर टेबलावर ठेवली, मावशींचा पाण्याचा हात सांगितला (टाळ्या मावशींना), निरंजनदादांचं जवाचं गणित सांगितलं. शालोमदादा, शेवटी सगळ्यांना हातावर मलिदा दिला, पोहे न भिजवता.

शालोम_पनवेल
आजी खूश झाली असती. एक विचारतो ताई, दिवसाच्या शेवटी आधी काय संपलं, भाकर की पाणी?

केडगावकरीण
पाणी. संध्याकाळी सातलाच संपलं. भाकरीचा एक तुकडा उरला होता, पण कोरडा घशाखाली उतरेना.